मेळावा डिसेंबरात, प्रवेश जूनमध्ये

काही जण इथे खर्डीत समोर बसलेत आणि काही मोबाइलवर ऐकतायत. ऐकणाऱ्यांपैकी काही जण आत्ता कसारा लोकलमध्ये उभे असतील. मध्येच आवाज तुटला तर दोष आमचा नाही, घाटाखालच्या टॉवरचा आहे.

आजचा विषय आहे माजी विद्यार्थी, स्वयंसेवा आणि दान. नाव ऐकून वाटतं, यात टीका करण्यासारखं काय आहे? कुणी आपल्या खिशातून देतंय, कुणाला त्याचा उपयोग होतोय, मग आपण कशाला नाक खुपसायचं? आपल्याकडे म्हणच आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजणाऱ्याला हसण्यासाठी ती म्हण केलेली आहे. आम्ही आज बरोबर तेच करणार आहोत, दात मोजणार आहोत. कारण गाय ज्याच्या दावणीला बांधली जाते त्याला तिला चारा घालावा लागतो, हे ती म्हण सांगत नाही.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. याच पट्ट्यात शिकलेली, काही काळ शिकवलेली, आणि मेळाव्यांमध्ये व्यासपीठाच्या वर आणि खाली दोन्हीकडे बसलेली माणसं. त्यामुळे हे बोलणं बाहेरून केलेलं नाही.

मेळाव्याची निमंत्रणपत्रिका हातात पडली की आपण काय बघतो? प्रमुख पाहुणे कोण, जेवण आहे का. आम्ही सुचवतो, आधी तारीख बघा. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे बहुतेक डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत होतात. हवा चांगली असते. पहिल्या सत्राच्या परीक्षा उरकलेल्या असतात. नाताळच्या सुट्टीत परदेशातली मंडळी आलेली असतात. आणि मार्च संपायच्या आत ८०जी ची पावती हवी असते. (नव्या करप्रणालीत त्या पावतीवर सवलत मिळत नाही, पण सवय सुटायला वेळ लागतो.) आता ही सगळी कारणं एकदा पुन्हा वाचा. एकही कारण विद्यार्थ्याचं नाही.

मेळाव्याचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ. मग एकेक जण उठून सरांच्या छडीची आठवण सांगतो. छडी दर वर्षी थोडी लांब होत जाते. मग आकडे जाहीर होतात, टाळ्या होतात, कुणी पंखे देतं, कुणी पाण्याचा कूलर, कुणी आईवडिलांच्या नावाने बक्षीस लावतं. आणि या सगळ्या वेळात छातीला 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावून चहाचे ट्रे कोण फिरवत असतं? सध्या शिकत असलेली मुलं. ज्यांच्यासाठी म्हणून हा सोहळा, ती त्या दिवशी पाहुण्यांची सरबराई करतात. त्यांना कुणी विचारत नाही की बाबांनो, तुम्हाला नक्की केव्हा आणि काय अडतं?

विचारलं तर ती सांगतील, जूनमध्ये.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या घरांचं वर्ष कसं चालतं ते जरा बघू. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, तालुक्यातल्याच भट्ट्या, जिथे बयाणा घेतला असेल तिथे. पाऊस पडायच्या आधी परत येतात. हिशेब होतो, आणि बऱ्याचदा हातात उरतं ते पुढच्या वर्षीचं कर्जच. ठाकूर, महादेव कोळी, कुणबी घरांत तेव्हा भाताच्या बियाण्याची, खताची, कौलं शाकारण्याची घाई असते. पुढे आवणी. म्हणजे जून हा घरातला पैसा तळाला गेलेला महिना. आणि महाविद्यालयाचा प्रवेश नेमका तेव्हाच.

शहरात राहणाऱ्या दात्याला वाटतं, आदिवासी मुलांची फी तर सरकार भरतं, मग अडतं कुठे? बरोबर आहे, शिक्षण शुल्काची सवलत आहे, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वयम् योजना आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. फक्त ती सुरू व्हायला वेळ लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात यायचे, आणि ते येईपर्यंत अर्धं वर्ष सरलेलं असतं. मधल्या काळात काय लागतं? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शहापूरला तहसील कार्यालयात दोन-तीन फेऱ्या. अर्ज भरायला सायबर कॅफेत पैसे. झेरॉक्स, फोटो, बँकेचं खातं चालू ठेवायला किमान रक्कम. लोकलचा पास. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत कुठे तरी राहण्याचा खर्च. आणि मुलाबरोबर बाप गेला तर त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, तो खर्च कुठल्याच अर्जात लिहायची सोय नसते.

जात वैधतेचं तर वेगळंच. कोकण विभागाची अनुसूचित जमातींची पडताळणी समिती ठाण्याला आहे. तिथे १९५० च्या आधीपासूनच्या रहिवासाचे आणि जमातीचे पुरावे लागतात. कातकरी माणसाकडे सात-बारा नाही, आजोबा शाळेत गेलेले नाहीत, दर सहा महिन्यांनी घर बदलतं. तो कुठून आणणार आजोबांचा कागद? सरकारने स्वतःच कातकऱ्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरलंय, आणि सरकारच त्यांच्याकडे तीन पिढ्यांची कागदपत्रं मागतं. इथे पैशापेक्षा कुणी तरी माहीतगार सोबत असणं कामाला येतं. रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडता येतं, जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर कुठे मिळेल, प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं, हे ज्याने एकदा केलंय तोच सांगू शकतो. आणि ज्याने केलंय तो कोण? माजी विद्यार्थी. हीच त्याची खरी पुंजी. मेळाव्यात ती कुणी मागत नाही. मागतात पंखा.

आता या जूनच्या गरजेवर डिसेंबरचं दान ठेवून बघा. डिसेंबरात पाड्यांवर ब्लँकेट वाटायला गाड्या येतात. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे गाड्या आता आणखी लवकर पोचतात. पण डिसेंबरात पाड्यावर असतं कोण? म्हातारी माणसं आणि कुलपं. ज्यांना थंडी सगळ्यात जास्त वाजते ती कुटुंबं भट्टीवर, झापाच्या खोपीत. गाडी तिथे जात नाही, कारण भट्टीवर फोटो चांगला येत नाही आणि मालकालाही आवडत नाही. मग ब्लँकेट कुणाला मिळतं? जो घरी आहे त्याला. काही घरांत अशा तीन-तीन ब्लँकेटांच्या घड्या आम्ही पाहिल्यात. त्याबद्दल त्या घराला दोष द्यायचं कारण नाही. समोर आलेलं कोण परत करतं?

आता स्वयंसेवेकडे वळतो. इथे आम्हाला थोडं जास्त थांबायचंय.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष, ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी अशी सुरुवात. आज एनएसएस न पाहिलेलं महाविद्यालय सापडणार नाही. नियम साधे आहेत, वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. मुंबई विद्यापीठात त्याबद्दल वाढीव १० गुण मिळतात. हे शिबिर मुंबई-ठाण्याची कितीतरी महाविद्यालयं आपल्याच तालुक्यांत घेतात. डोंगर जवळ, लोकल जवळ, शाळेच्या खोल्या मिळतात. आणि त्या शिबिरातलं आवडतं काम कोणतं? वनराई बंधारा.

वनराई बंधारा चांगली गोष्ट आहे, याबद्दल वाद नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, त्यात माती-वाळू भरायची, ओढ्यावर एकमेकींना सांधत रचायच्या, पाणी अडतं. खर्च जवळजवळ नाही. पण हा बंधारा घालायचा केव्हा? पाऊस थांबला, ओढ्याचा जोर ओसरला, पण धार वाहती आहे, तेव्हा. आपल्याकडे म्हणजे ऑक्टोबर ते फार तर नोव्हेंबरचे पहिले पंधरा दिवस. इथे पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, पण कातळ असा की पाणी थांबत नाही, उतारावरून निघून जातं. नोव्हेंबर संपेपर्यंत लहान ओढ्यांत दगड दिसायला लागतात.

आणि शिबिर केव्हा असतं? परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मग दिवाळीची सुट्टी, मग शिबिर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जानेवारीत. म्हणजे विद्यापीठाच्या वेळापत्रकाने बंधाऱ्याची तारीख ठरवली. ओढ्याला कुणी विचारलं नाही. आम्ही असा बंधारा पाहिलाय, नीट रचलेला, शंभरेक गोण्यांचा, वर महाविद्यालयाच्या नावाची पाटी, आणि मागे घोटाभर पाणी. फेब्रुवारीत तेही गेलं. पाटी मात्र पुढच्या पावसापर्यंत टिकली. मुलांनी घाम गाळला, त्यांचे हात सोलवटले, ते खरं होतं. कामाचा महिना चुकला होता.

यावर एक उत्तर मिळतं, की बंधारा हे निमित्त आहे, मुलांवर संस्कार होतो, त्यांना गाव कळतं. बरं. मग गावाने आपल्या ओढ्यावर, आपल्या शाळेच्या खोल्यांत, आपल्या बायकांच्या हातच्या स्वयंपाकावर शहरातल्या मुलांना सात दिवस शिकवलं. याला गावाने केलेली स्वयंसेवा म्हणायला हवं. प्रमाणपत्र आणि १० गुण मात्र पाहुण्यांना.

शेतीत आपल्याकडे सावड असते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. सावडीत उपकार नसतो, हिशेब असतो, आणि तो हिशेब दोघांनाही मान्य असतो. मुख्य म्हणजे सावडीची तारीख ज्याचं शेत तो ठरवतो, कारण रोप केव्हा उपटायला आलंय ते त्याला माहीत असतं. श्रमदान हा शब्द त्या मानाने नवा आणि थोडा जड आहे. त्यात दाता आला, आणि दाता आला की तारीख त्याची झाली. शिबिर ऑक्टोबरात न्यायचं तर परीक्षा मध्ये येते हे आम्हाला कळतं. पण मग बंधारा नको. जानेवारीत करण्यासारखी शंभर कामं आहेत. वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढा, विहिरीतला गाळ उपसा, तरुणांना अर्ज भरायला शिकवा. किंवा मोठ्या सुट्टीतला एक दिवस काढून ऑक्टोबरात या, एकच दिवस.

कुणी म्हणेल, गावच्या वेळेने काम करणं व्यवहारात जमत नाही. जमतं. आपल्याच मुरबाड तालुक्यात फांगण्याची आजीबाईंची शाळा आहे. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी सुरू केली, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साहित्य पुरवलं. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, हातात पाटी. ते चित्र जगभर गेलं. गुलाबी लुगड्यांबद्दल लोक भरभरून बोलले. आम्हाला त्या शाळेची वेळ जास्त महत्त्वाची वाटते. ती दुपारी भरते, दोन ते चार. सकाळचं घरकाम, शेतावरचं काम, जेवणं उरकल्यावर आजीला मोकळा वेळ असतो तेव्हा. शिकवायला गावातलीच सून. म्हणजे वेळ आजीची, शिकवणारी घरातली, आणि बाहेरच्या पैशाने फक्त पाटी, दप्तर, लुगडं पुरवलं. देणाऱ्याने आपली जागा ओळखली होती. ही शाळा सकाळी साडेदहाला भरवली असती तर एकही आजी आली नसती, मग लुगडी कितीही चांगली वाटा.

जुन्या काळात तर हे शहाणपण आपल्याकडे चांगलंच होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्या वेळी बायका रांधायच्या आधी मूठभर धान्य बाजूला टाकत आणि ते वसतिगृहातल्या मुलांकडे जाई. मुलं रोज जेवतात, म्हणून दानही रोजचं. वर्षातून एकदा पोतंभर नाही. बाबासाहेबांना सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला जाता आलं. पुढे १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना जमावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. ज्याने स्वतः दुसऱ्याच्या आधारावर शिक्षण घेतलं, त्याला घड्याळाची किंमत ठाऊक होती.

आता मोठ्या दानांविषयी. पवईच्या आयआयटीला नंदन निलेकणी यांनी जून २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले, आधीचे ८५ कोटी धरले तर एकूण ४०० कोटी. १९७३ साली तिथे प्रवेश घेतला त्याला ५० वर्षं झाली, हे निमित्त. त्याच वर्षाच्या डिसेंबरात १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवाला ५७ कोटी रुपये दिले. ही दानं मोठीच आहेत आणि आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. निमित्त दोन्हीकडे देणाऱ्याच्या आयुष्यातलं आहे, पण तिथे ते चालतं. का चालतं? त्यांच्याकडे कणगी आहे. आलेला पैसा साठवणारं, गुंतवणारं, वर्षभर वाटून देणारं कार्यालय आहे, त्यासाठी पगारी माणसं आहेत. धान्य केव्हाही येवो, कणगीतून गरजेच्या दिवशी काढता येतं. आमच्या ग्रामीण महाविद्यालयांनी त्यांचा मेळावा उचलला, रौप्यमहोत्सव उचलला, ग्रुप फोटो उचलला. कणगी तेवढी राहिली. इथे डिसेंबरात जे येतं ते मार्चच्या आत खर्चून टाकायचं असतं, म्हणून त्याचा पंखा होतो. पंखा दिसतो, त्यावर नाव लिहिता येतं. जूनमधला लोकलचा पास दिसत नाही, त्यावर कुणाचं नाव लिहिणार?

यात नॅकचाही थोडा हात आहे. मूल्यांकनाच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा एक भाग आहे. नोंदणीकृत संघटना आहे का, तिने आर्थिक किंवा अन्य मदत करून संस्थेच्या विकासाला हातभार लावला का, असं विचारतात. नीट वाचलंत तर 'अन्य मदत' हे शब्द तिथे आहेत. पण फाइल तयार करणाऱ्या प्राध्यापकाला पुरावा लागतो आणि पुरावा सगळ्यात सोपा कशाचा? पावतीचा. म्हणून समिती यायच्या आधी घाईने संघटना नोंदवली जाते, वर्गण्या गोळा होतात, बँकेत खातं उघडतं. समिती गेली की खातं झोपतं.

आणि त्याच वेळी जे चालू असतं त्याची नोंद होत नाही. पहाटे पाचला मैदानावर या. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. १६०० मीटर, गोळाफेक, शंभर मीटर. शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभा असतो तो गेल्या भरतीत लागलेला, सुट्टीवर आलेला त्यांचाच कुणी तरी दादा. तो कुठल्याही संघटनेचा सभासद नाही. त्याला मेळाव्याचं निमंत्रण गेलेलं नाही, कारण तो 'नामवंत' नाही. आसनगाव-आटगावच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला, भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करणारा पदवीधरही तसाच. तो धाकट्या मुलाला आपल्या खोलीवर आठ दिवस झोपायला जागा देतो, मुलाखतीला आपला शर्ट देतो. लाखात मोजायचं तर याचं योगदान शून्य. म्हणून त्याला मेळाव्याला यायला संकोच वाटतो. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असा भरवायचा की बहुसंख्य माजी विद्यार्थ्यांना तिथे येण्याची लाज वाटावी, ही आमची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

आणखी एक शब्द आम्हाला खटकतो, लाभार्थी. फ्लेक्सवर असतं, 'लाभार्थी विद्यार्थी'. लाभ कुणाला कुणाचा, हे जरा तपासून बघू.

तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. भातसाही याच तालुक्यात. मुंबईला रोज जे पाणी जातं त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. आणि उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात, बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. हे दर वर्षी वर्तमानपत्रात छापून येतं, इतकं नेमाने की आता ते वाचून कुणी थांबत नाही. आता मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाची माजी विद्यार्थी संघटना आपल्या पाड्यावर पाण्याची टाकी बसवून जाते, तेव्हा फलकावर 'दान' लिहितात. मराठीत 'देणं' हा शब्द मोठा चतुर आहे. आपण देतो तेही देणं आणि आपल्यावर असतं तेही देणं. फलक रंगवणाऱ्याने 'दान' ऐवजी 'देणं' लिहिलं तर एक अक्षरही फुकट जाणार नाही. आणि देणं असेल तर त्याची तारीख धनको ठरवतो, हा साधा व्यवहार आहे. पाणी मे महिन्यात लागतं. टाकीचं उद्घाटन जानेवारीत झालं, आणि मे महिन्यात तिच्यात पाणी कुठून यायचं हे कुणी बघितलं नाही, तर ते देणं फिटलं नाही.

एक योगायोग सांगतो. तानसा पुरं झालं त्याच १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी आपला निधी सुरू केला. तो उसनवारीचा होता. शिकायला पैसे घ्या, कमवायला लागलात की परत करा, ते पुढच्याला मिळतील. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण तो पुढच्या कुणाचा तरी दाता होणार असतो. खर्डीसारख्या ठिकाणी आम्हाला असं काही तरी हवंय, अर्थात फार छोटं. त्याला जूनची कणगी म्हणा. माजी विद्यार्थ्यांनी वर्षभर, दर महिन्याला, एका वडापावच्या किंवा एका रिचार्जच्या किमतीएवढे पैसे टाकायचे, आणि ते मे अखेरपर्यंत हलवायचे नाहीत. १ जूनला उघडायचे. मागणाऱ्याने अर्ज करायचा नाही, दुसऱ्या वर्षातल्या दोन मुलांनी आणि एका शिक्षकाने शब्द दिला की पैसे त्याच दिवशी हातात. शिष्यवृत्ती आली की परत. नाही आलं परत, तर नाव फळ्यावर लिहायचं नाही. काही पैसे बुडतील. मेळाव्याच्या मंडपालाही पैसे बुडतातच, तिथे आपण विचारत नाही.

यात अडचणी आहेत. हिशेब कोण ठेवणार, यावरून मैत्री तुटते. निवडणुकीच्या वर्षी कुणी तरी त्यावर स्वतःचं नाव लावायला बघतो. मुलींना मागायला संकोच वाटतो, म्हणून शब्द देणाऱ्यांत एक मुलगी असलीच पाहिजे. नोंदणी करावी की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. नोंदणी केली तर धर्मादाय आयुक्तांकडे दर वर्षी हिशेब द्यायचा, ते चांगलंच. पण एवढ्याशा पैशासाठी लेखापरीक्षकाची फी भरण्यात निम्मा निधी जायचा. महाविद्यालयाच्या खात्यात ठेवला तर १ जूनला सही करणारे प्राचार्य सुट्टीवर असतात. यावर तोडगा तुम्हाला सुचला तर कळवा.

आता प्रश्न आलेत, दोनच घेतो.

पहिला प्रश्न असा की, 'अशा टीकेने जे थोडे लोक देतात तेही हात आखडता घेतील.' बघा, आम्ही कुणालाही देऊ नका म्हणालो नाही. तारीख बदला म्हणालो. जो माणूस तारीख बदलायला सांगितल्यावर रागावून परत जातो, तो समारंभासाठी आला होता. तो गेला तर मंडपाचा खर्च वाचेल. पण आमचा अनुभव असा की बहुतेक लोक रागावत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सांगणाऱ्याला भीती वाटते, धर्माच्या गाईची.

दुसरा प्रश्न ठाण्याहून आहे, नाव वाचत नाही. 'मी खर्डीचाच, पदवी घेऊन ठाण्यात नोकरीला. पैसे फार देता येत नाहीत. शनिवार मोकळा असतो. मी काय करू?'

दादा, शनिवार तुमचा मोकळा आहे तसा सरकारी कार्यालयांचाही मोकळा आहे. फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झालाय. तेव्हा शनिवारी नको. जूनमधली एक रजा आत्ताच साहेबांकडे टाकून ठेवा, मधल्या वारची. खर्डीहून पडताळणी समितीकडे येणाऱ्या एका मुलाला ठाणे स्टेशनवर उतरवून घ्या आणि दिवसभर त्याच्याबरोबर थांबा. आदल्या रात्री त्याला फोन करून मूळ दाखले पिशवीत ठेवलेत का ते विचारा, कारण नुसत्या झेरॉक्सवर परत पाठवतात. आणि डबा दोघांचा घ्या.